पिवळ्या गाडीचे ब्रेक

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

पेडल तळाला गेले!

अर्धे नव्हे, पूर्ण तळाला. शर्यतीच्या ट्रॅकवर, सरळ पट्ट्याच्या शेवटी, ताशी दीडशेच्या वेगात, पायाखाली काहीही उरले नाही. गियर उतरवला, पेडल पुन्हा मारले, पुन्हा मारले; तिसऱ्या खेपेला थोडे धरले. तोवर वळण निघून गेले होते. गाडी मातीत, आणि मातीतून टायरच्या भिंतीत. धडक बसली तेव्हा वेग फार तर वीस असेल. मला ओरखडाही नाही. बंपर फाटला, उजवा दिवा फुटला. संयोजकांपैकी एक गृहस्थ धावत आले आणि म्हणाले, "आंटी, ठीक आहात ना?"

आंटी! ते स्वतः माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठे असावेत. आणि सकाळच्या गटात माझी फेरीची वेळ तिसऱ्या क्रमांकाची होती, हे त्यांच्याच फलकावर लिहिलेले होते.

पुण्यापलीकडून नाशिकपर्यंत गाडी ट्रकवर लादून आणली. संध्याकाळी सहाला दारात उतरवली. कॉलनीतील प्रत्येक खिडकी उघडी. अंगणात दादा उभे — माझे सासरे, एकतीस वर्षे एसटीत चालक, त्यातली बरीचशी कसारा घाटात. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, तरी ते माझ्या नवऱ्याकडे, रविराजकडे, पाहून म्हणाले, "रवी, तिला इचार, लागलं का कुठं."

या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. एकोणीस वर्षे मला सांगायचे ते सर्व रविराजमार्फत येते. रविराज घरी नसला तर भिंतीला सांगतात; मी भिंतीजवळ असतेच.

"नाही लागलं, दादा," मी म्हणाले.

"तिला म्हणावं, बरं झालं," दादा म्हणाले, आणि फुटलेल्या दिव्याची काच वेचू लागले.


सोमवार, ८ सप्टेंबर

रविराजने अट घातली. चहा पिताना, वर्तमानपत्राच्या आडून. १२ ऑक्टोबरला ट्रॅक पुन्हा खुला आहे. त्या दिवशी ब्रेक टिकले तर गाडी राहील. पेडल पुन्हा बसले तर गाडी विकायची. गिऱ्हाईक तयारच आहे — कॉलेज रोडवरचा तो बिल्डर, ज्याला ती लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने द्यायची आहे. माझी पिवळी दोन-दारी! तिच्या छपरावर फुगे बांधतील.

"आणि खर्च?" मी विचारले.

"पेपरतपासणीचं मानधन तुझं. त्याच्यावर एक रुपया नाही."

मान्य केले. मात्र तोंडी करारावर माझा विश्वास नाही. कागदावर दोन कलमे लिहिली. पहिले — दिवसाच्या अखेरच्या सत्रानंतर पेडल घट्ट असेल, तर गाडी राहील. दुसरे — नसेल, तर जाईल. 'घट्ट' म्हणजे काय ते तळटीपेत दिले. रविराज नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात आहे. कागद उजेडासमोर धरून बघण्याची त्याला सवय आहे. तसाच त्याने हाही बघितला.

"जलचिन्ह नाहीये," म्हणाला. आणि सही केली.


गुरुवार, ११ सप्टेंबर

कारण सापडले. अपमानास्पद आहे.

पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल, तर दोष चाकाच्या डिस्कवर घासणाऱ्या पॅडचा. पेडल तळाला जात असेल, तर नळीतील द्रव उकळला. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. एवढे तर माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही सांगतील (दोघे-तिघे वगळून). आता आकडे. अकराशे पन्नास किलो, ताशी दीडशेवरून सत्तर: एका वळणाआधी जवळपास आठशे किलोज्यूल उष्णता. अडीच लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे प्रत्येक वळणाआधी पंचवीस कप चहा, आणि तो सगळा माझ्या चाकांत.

पण द्रव एवढ्यात उकळायला नको होता. टाकीचे झाकण उघडले. आतला द्रव काकवीच्या रंगाचा! हा द्रव हवेतली ओल शोषतो, आणि ओल आली की लवकर उकळतो. नोंदवही काढली. इंजिनाचे तेल — तारीखवार. टायरमधील हवा — आठवड्यागणिक. ब्रेकचा द्रव — नोंदच नाही. गाडी घेतल्यापासून एकदाही बदललेला नाही. चार पावसाळे.

हे मी कोणालाही सांगणार नाही.


रविवार, १४ सप्टेंबर

मुझफ्फरभाईंच्या गॅरेजमध्ये. द्वारका चौकाजवळ, बोळात. फरशीवर पाना पडलेला, भिंतीवर तीन वेगवेगळ्या सालांची कॅलेंडरे. माणूस मात्र नाशिकमध्ये एकच, ज्याचा हात मला मान्य आहे.

त्यांनी जुने पॅड काढले, उजेडात धरले. काळे, काचेसारखे चकचकीत.

"मॅडम, हे पॅड आहेत का पापड? भाजलेत नुसते."

मी यादी पुढे केली. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा, म्हणजे कॅलिपरचा, मोठा आयात संच — नाही. इंटरनेटवरील प्रत्येक अर्धवट तज्ज्ञ प्रथम तोच घ्यायला सांगतो, आणि त्या किमतीत माणसाच्या स्वयंपाकघराची ओटा-कपाटे होतात. आपल्याला हवे ते असे: उच्च उत्कलनबिंदूचा ताजा द्रव, जास्त उष्णता सोसणारे पॅड, पुढच्या दोन साध्या नव्या डिस्क, रबरी नळ्यांऐवजी स्टीलच्या जाळीच्या नळ्या, आणि डिस्कवर थेट वारा घालणारी वाहिनी.

"म्हणजे ब्रेक ऑइल बदलायचं, पॅड बदलायचे—"

"ते ऑइल नाही, मुझफ्फरभाई. तेल गेलं तर रबराचे सगळे भाग फुगतील."

"मला माहितीये, मॅडम. तीस वर्षं झाली. पण दुकानात द्रव मागितला ना, तर ते लोक मला सरबत देतील."

हसले नाही. घरी येताना सिग्नलला हसले.


गुरुवार, १८ सप्टेंबर

पॅड आले. खोका दाबलेला. चारही पॅड मोजले — सरासरी फरक पाव मिलिमीटर. चालेल. आनंदाने नव्हे.


रविवार, २१ सप्टेंबर

वाऱ्याची वाहिनी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. बंपरच्या तोंडातून हवा घ्यायची, लवचिक नळीने थेट डिस्कच्या मध्यभागी सोडायची. शर्यतीच्या दुकानात या नळीची किंमत हास्यास्पद आहे. उष्णता सोसणारी, आत तार गुंडाळलेली, तीन इंची नळी आणखी कोण वापरते? विचार केला. उत्तर आपल्याच जिल्ह्यात! द्राक्षबागेच्या फवारणीच्या ब्लोअरला तशीच नळी असते.

पंचवटीत, दिंडोरी रस्त्याला शेती अवजारांचे दुकान. मालक भिकन, कानाला पेन्सिल. छाटणीचे दिवस तोंडावर आलेले. दुकानात बागायतदारांची ही गर्दी.

"किती एकर, ताई?"

"एकर नाही. दोन चाकं."

"ट्रॅक्टरची?"

"मोटारीची."

"मग फवारणार काय?"

"हवा."

भिकनने पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा ठेवली. मागे उभ्या शेतकऱ्याने त्याला समजावले, "कॉलेजच्या मॅडम दिसतात. प्रयोग असंल."

चार फूट नळी घेतली. ती धरून रिक्षात बसले तर रिक्षावाल्यानेही विचारले, किती एकर.


बुधवार, २४ सप्टेंबर

दादा संध्याकाळी गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेले. नळी पाहिली. भिंतीला म्हणाले, "बसला नव्हत्या असल्या सोंडा."

माझी गाडी आणि एसटीची बस यांच्यातील साम्य चाके गोल असण्यापाशी संपते.


रविवार, २८ सप्टेंबर

सगळे बसले!

सकाळी नऊ ते दुपारी तीन मुझफ्फरभाईंच्या गॅरेजमध्ये. नव्या डिस्कवरचा गंजरोधक थर मी स्वतः धुतला. डिस्क फिरवून डायल गेजवर डगमग मोजली. अचूक! मुझफ्फरभाई स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते.

"मॅडम, तुमच्या पोरांना मार्क कसे देता हो तुम्ही?"

"जेवढे लिहिलं तेवढे."

"बिचारे!"

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणे. रविराजला पेडलवर बसवले. खालून मुझफ्फरभाई ओरडत — "दाबा! धरा! … सोडा!" — आणि त्यांनी हवा सोडायचा निपल आवळण्याआधीच रविराज पाय सोडी. चौथ्यांदा हवा आत गेली तेव्हा मी त्याला उतरवून स्वतः बसले. चाळीस मिनिटांत नळ्यांत बुडबुडा नाही. पेडल असे घट्ट, की पाय टेकताच गाडी अंग आवरून उभी राहते.

बंपरला मुझफ्फरभाईंनी आतून पत्रा लावून तारेचे टाके घातले. कुरूप आहे. पण शिवण सरळ आहे.

मानधनातले साडेतीनशे रुपये उरले! त्याचे समोसे.

आता फक्त नवे पॅड रुळवायचे राहिले: मोकळ्या रस्त्यावर दहा वेळा ऐंशीवरून वीसपर्यंत, न थांबता, मग थंड होऊ द्यायचे. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला पाहिजे. बुधवारी करीन.


बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. अजून रागातच लिहिते आहे.

दुपारी गाडी घेऊन बाहेरच्या रस्त्याला गेले. माझ्या यादीतील पहिले कलम: 'डिस्क स्वच्छ आहेत, हे डोळ्यांनी पाहा.' खूण केली. पहिल्यांदा ब्रेक मारला, आणि गाडी डावीकडे ओढली गेली. दुसऱ्यांदा मारला तर चाकांतून धूर. आणि धुराला वास — खोबऱ्याच्या वड्यांचा!

उतरून पाहिले. दोन्ही डिस्कवर लालसर तवंग.

घरी आले. दादा अंगणात विळा, कोयता, पक्कड, जुना एसटीचा पाना असे सगळे मांडून बसलेले, प्रत्येकावर हळद-कुंकू आणि झेंडू. सकाळी त्यांनी गाडीची पूजा केली होती. चाकाच्या आऱ्यांतून हात घालून. आणि कोरडे कुंकू गळून पडते, म्हणून खोबरेल तेलात कालवून! प्रत्येक डिस्कला पाच बोटे.

मी ओरडले. शेजारच्या गच्चीवर शुभांगी कपडे वाळत घालत होती, तिच्यादेखत. "दादा, हे एसटीचं चाक नाही! ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्याला हात कशाला लावायचा?"

त्यांनी आधी रविराजला शोधले. तो घरात नव्हता. भिंतीकडेही पाहिले. मग झेंडू गोळा केला आणि आत गेले.

रात्री रविराज म्हणाला, "ते मला सकाळी काय म्हणाले माहितीये? पूजा इंजिनाची नाय करायची रवी, जे थांबवतं त्याची करायची."

मी त्याला खोबरेल तेलाचा ज्वलनबिंदू सांगितला.


गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. दादा पहिल्या बसने सिन्नरच्या घरी निघून गेले. आपट्याची पाने टेबलावर ठेवलेली: रविराजसाठी एक जुडी, माझ्यासाठी एक. माझी थोडी मोठी वाटली. मोजली नाही.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

डिस्क धुतल्या, पॅड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासले, तापवले, पुन्हा घासले. मुझफ्फरभाई म्हणाले, "तेल वरवरच होतं, पॅड वाचले. दहा हजार वाचले तुमचे, मॅडम. सासऱ्यांना मिठाई द्या."

"त्यांच्यामुळेच तर झालं हे!"

"त्यांनी लावलं. बघितलं कोणी नाही?"

यादी बंद केली आणि पर्समध्ये टाकली. पहिल्या कलमावरची खूण माझीच. बुधवारी ती मी रविवारच्या भरवशावर केली होती. वाकून पाहिलेच नव्हते.


रविवार, ५ ऑक्टोबर

क्षमायाचनेचा मसुदा तीनदा लिहिला. पहिल्यात 'तथापि' दोनदा आले. दुसऱ्यात अर्धे पान ब्रेकच्या रचनेवर. तिसरा एका ओळीचा झाला, आणि तो कागदावर न्यावा असा नव्हता.

सिन्नरला औद्योगिक वसाहतीचे रस्ते रविवारी सकाळी रिकामे असतात. पॅड रुळवायला उत्तम. तेथवर गेलेच आहे तर दादांकडे डोकवावे — असे मी रविराजला सांगितले. तो म्हणाला, "हो, रस्त्यातच आहे," आणि वर्तमानपत्राआड हसला. घर रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे.

दादांनी चहा केला. खूप गोड. पूर्ण प्यायले. मग म्हणाले, अर्थात भिंतीला, "आज गाडी घेऊन आली वाटतं."

"बसता का, दादा? दहा वेळा ब्रेक मारायचाय, मग परत येऊ."

बसले! इतक्या खाली बसायची सवय नाही. गुडघे पोटाशी घेऊन, टोपी मांडीवर. रस्त्यावर एक गाय आणि आम्ही. ऐंशी — वीस. ऐंशी — वीस. दादांनी कशाला धरले नाही. त्यांची नजर माझ्या पायाकडे. सहाव्या वेळेनंतर त्यांनी तोंड उघडले.

"रवीला सांगायचं होतं…"

आणि थांबले. रवी नव्हता, भिंत नव्हती. पुढे पाहत बसले. मी उरलेले चार ब्रेक मारले.

परतताना दारापाशी मी ती एक ओळ म्हटली: "परवा मी बोलले ते चुकलं, दादा." त्यांनी गेटची कडी काढली, लावली, पुन्हा काढली.

"तिला म्हणावं, तेल नव्हतं लावायला पायजे," गेटला म्हणाले.

पॅड उत्तम रुळले. डिस्कवर सारखा, निळसर-करडा थर.


बुधवार, ८ ऑक्टोबर

बिल्डरचा फोन. सोमवारी येऊन जाऊ का, मॅडम? सीट पांढऱ्या करून मिळतील का? मी म्हणाले, रविवारनंतर बोलू. पांढऱ्या!


रविवार, १२ ऑक्टोबर

क्रमाने लिहिते.

दादाही आले. पहाटे सिन्नरहून, रविराजच्या गाडीतून. "समोरून गाडी येतच नाय असा रस्ता बघायचाय," असे त्याला म्हणाले म्हणे. धुतलेला पायजमा, काळा चष्मा. ट्रॅकवरील मंडळींनी त्यांना कोणी मोठे प्रायोजक समजून खुर्ची दिली. ते बसले नाहीत. सरळ पट्ट्याच्या शेवटी, जिथे मी मागच्या वेळी मातीत गेले होते, बरोबर तिथे, कुंपणाला हात लावून उभे राहिले.

दिवसात तीन सत्रे. कॅलिपरवर मी प्रयोगशाळेतल्या तापमानपट्ट्या चिकटवल्या होत्या. अमुक अंशाला अमुक चौकट काळी पडते.

पहिले सत्र: अप्रतिम! पेडल घट्ट, गाडी रेषेत. फवारणीची नळी आपले काम करत होती. मी हेल्मेटमध्ये गात होते, हे येथेच राहू दे.

दुसरे सत्र, सहावी फेरी. पेडल किंचित खाली. सातवी — आणखी. तळाला नाही, पण माझ्या तळटीपेच्या व्याख्येनुसार 'घट्ट'ही नाही. आत आले. पट्टीवरच्या सगळ्या चौकटी काळ्या! नवा द्रव, नवे पॅड, वारा — आणि तरीही.

रविराज काचेशी आला. "कसं आहे?"

कोणाला कळले नसते. पेडलखाली पाय माझा एकटीचा होता. पण करार मी लिहिला होता.

"मऊ पडतंय," मी म्हणाले. "तिसऱ्या सत्रात आणखी पडेल. बिल्डरचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

आम्ही दोघांनी पुढच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. या वेळी त्याने पाय बरोबर धरला. मी पाना पुसत होते. डोळ्यांत काहीतरी गेले होते.

"योगिनी."

मी वळले. रविराज माझ्यासमोरच होता, हाक त्याची नव्हती. दादा कुंपणाशी. काळा चष्मा काढलेला.

"योगिनी, इकडं ये."

एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून माझे नाव मी प्रथम ऐकले. गेले.

"ती निळी गाडी येती, बघ. तिचा मागचा लाल दिवा बघ. मी मोजतो." निळी गाडी आली. दिवा लागला. "एक. दोन. तीन. इझला. बघितलास? आता ती पांढरी." पांढरी आली. "एक, दोन, तीन — इझला. तुझा कितीला इझतो, सांगू? आठ. लागतो त्या वळणाआधीच्या पहिल्या पाटीपाशी, सगळ्यांच्या आधी, आन् आठ मोजंस्तोवर पेटलेला. वळणात पुन्ना लुकलुकतो."

"दादा, पण ऊर्जा तेवढीच असते. हळू दाबा किंवा जोरात—"

"ते मला नाय माहीत. घाटात नवा डायवर आला का असाच करायचा. भ्यायचा, म्हणून पाय ठिवूनच द्यायचा. इगतपुरीहून निघाला का कसाऱ्यापर्यंत चाकातून धूर. ब्रेक मारायचा आसतो, मग सोडायचा आसतो. त्याला श्वास घेऊ दे ना बाई! तू सोडतच नाय."



उष्णता किती, ते मी तीन पाने भरून काढले होते. किती वेळ, ते काढलेच नव्हते! आठ सेकंद पॅड डिस्कला चिकटून. तेवढा वेळ उष्णता मागे कॅलिपरमध्ये आणि द्रवात झिरपत राहणार, आणि थंड व्हायला उरणार काय? ऊष्मागतिकीच्या समीकरणांत काळाला जागा नाही — हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते, आणि खाली दोन रेघा मारते!

आणि 'भ्यायचा'. हा शब्दही मला लागू आहे. सात सप्टेंबरच्या आधीपासून.

"किती उशिरा दाबू?" मी विचारले.

"दुसरी पाटी. मी हात वर करीन. तवा मार, चांगला मार. तीन मोज, आन् सोड."

तिसरे सत्र. पहिल्या फेरीला पाय पहिल्याच पाटीपाशी आपोआप गेला. दुसऱ्या फेरीला मी पाटीकडे पाहिलेच नाही. कुंपणाशी उभ्या पांढऱ्या टोपीकडे पाहिले. हात वर! मारला — सीटबेल्ट छातीत रुतला — एक, दोन, तीन, सोड. गाडी वळणात अशी शिरली की मी ओरडले. तिसरी फेरी. चौथी. दहा फेऱ्या दादांनी हात वर केला. दहाव्या फेरीला बाजूचे दोघे-तिघे चालकही त्यांच्या हाताकडे बघून ब्रेक मारत होते, असे रविराज सांगतो.

आत आले. पाय ठेवला. पेडल घट्ट! बाहेर उभे राहून रविराजने हाताने दाबून पाहिले, मग पायाने, मग पुन्हा हाताने. नव्या पट्टीवरच्या वरच्या तीन चौकटी पांढऱ्याशुभ्र. वेळ सव्वादोन सेकंदांनी कमी, गटात दुसरी. त्या 'आंटी'वाल्या गृहस्थांनी फलकावर माझे नाव डॉक्टर लावून लिहिले. मी त्यांना सांगितले नव्हते, दादांनी सांगितले असणार.

मुझफ्फरभाईंना फोन केला. "मुबारक, मॅडम! कशाने झालं? नळीने ना?"

"पायाने," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर संगमनेरला भेळ. दादांनी दोन खाल्ल्या, आणि सिन्नरला न उतरता आमच्याबरोबर नाशिकला आले. गाडी माझी राहिली. माझी!


सोमवार, १३ ऑक्टोबर

कराराचा कागद रविराजला परत द्यायला गेले. दोन्ही कलमे निकाली, आता फाडू या म्हटले. तो म्हणाला, "मला कशाला देतेस? अट माझी नव्हतीच. त्या दिवशी ट्रकवरून गाडी उतरताना बघितली, आणि दादा मला आत घेऊन गेले. म्हणाले, रवी, तिला सांग विकून टाक. मला झोप नाय लागायची."

म्हणजे काल कुंपणाशी ते नुसते गप्प राहिले असते, तर त्यांना हवे होते तेच झाले असते.

अंगणात जाऊन दादांना, मग काल मला हाक का मारलीत, असे विचारले.

दादांनी पायांतल्या चपला सरळ केल्या.

"चुकीचा ब्रेक बघवंना, योगिनी," म्हणाले.